बिनकामाचं वाचन

त्रिशला मगदूमला जगात दोघांचा मनापासून तिटकारा होता. एकच गोष्ट दहा ठिकाणी लिहून ठेवणाऱ्यांचा, आणि तिच्या नणंदेचा. नशीब बघा, त्या वर्षी दोन्ही तिटकारे एकाच फाईलमध्ये येऊन बसले.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पण 'नेत्रसेतू'सारखा कारखाना तेव्हा अख्ख्या राज्यात दुसरा नव्हता. तिथं डोळे तयार व्हायचे. म्हणजे चष्माच, पण काचेच्या जागी कॅमेऱ्याची चिप. चिपनं टिपलेलं चित्र कवटीच्या आत, मेंदूच्या मागच्या अंगाला बसवलेल्या एका पातळ पट्टीकडे जायचं आणि पट्टी मेंदूला बारीक बारीक टोचे देऊन सांगायची, इथं उजेड, इथं अंधार, इथं कड. डोळ्यांमागची नस मेलेल्या माणसाला त्यावर चालता यायचं, समोर कोण आलं ते ओळखता यायचं, मोठी अक्षरं वाचता यायची.

आता ही कॅमेऱ्याची चिप म्हणजे नुसता डोळा नव्हे, तिला हुकूम द्यावे लागतात. तिच्या पोटात शेकडो छोटे खाने असतात, बँकेतल्या लॉकरसारखे, प्रत्येकाला नंबर. अमुक खान्यात जो आकडा टाकाल तितका वेळ ती उजेड गोळा करणार, तमुक खान्यात टाकाल तितक्या ओळी काढणार. हे आकडे टाकणारा आणि काढून वाचणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. कंपनीनं वर्षानुवर्षं जी चिप स्वस्त मिळाली ती घेतली, आणि दर नव्या चिपेला कुणीतरी जुना ड्रायव्हर उचलून, नक्कल मारून, चार ओळी बदलून नवा केला. त्यामुळे 'या खान्यात हा आकडा टाक' एवढंच सांगणारा तोच तुकडा प्रत्येक ड्रायव्हरमध्ये वेगळा बसलेला. कुणी आकडा एकदम पाठवायचा, कुणी तुकड्यातुकड्यानं. कुणी चूक झाली की ओरडायचा, कुणी चूक गिळून साळसूदासारखा गप्प बसायचा. एका ठिकाणी दोष सापडला की तो सगळीकडे जाऊन दुरुस्त करा, आणि एखादी जागा राहिलीच तर बोंबला.

तशी एक जागा राहिली होती. एका बाईंच्या चष्म्यातलं चित्र रस्ता ओलांडताना गोठलं. बाई वाचल्या, पण शासनाचं नियामक मंडळ खवळलं आणि फर्मान निघालं, की खान्यांत लिहिण्या-वाचण्याचा कोड सगळ्या चष्म्यांना मिळून एकच हवा. तो आम्ही एकदाच तपासू. ज्या चष्म्याचा ड्रायव्हर दिवाळीपर्यंत या सामाईक कोडवर येणार नाही, त्याचा परवाना संपला, चष्मा बंद.

हे काम त्रिशलाकडे आलं, आणि ती त्याच्यावर तुटून पडली. एकेक ड्रायव्हर उघडायचा, त्यातली नक्कल खरवडून काढायची, सामाईक कोडची एक ओळ बसवायची, तपासायचं, पुढं. संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला सांगायची, "आज तीनशे ओळी मारल्या." जणू ढेकूण मारले.

शेवटी एकच ड्रायव्हर उरला. सगळ्यांत जुनाट चिपेच्या चष्म्याचा. तो चष्मा घालणारे आता फार नव्हते, त्यातला एक तिच्याच घरात होता. आणि तो ड्रायव्हर लिहिला होता पद्मजा मगदूम यांनी.

तिचा नवरा अभिनंदन मगदूम शाळेत खेळाचा शिक्षक आणि सगळ्या जिल्ह्यात कबड्डीचा पंच. दोन्ही बाजूंचे लोक हमरीतुमरीवर आले तरी मध्ये उभा राहून हसत शिट्टी वाजवणारा. चार वर्षांपूर्वी मेंदूज्वरानं त्याच्या डोळ्यांच्या नसा गेल्या. आईवडिलांमागे त्याला वाढवलेली त्याची थोरली बहीण, पद्मजाआक्का, तेव्हा नेत्रसेतूतच होती. तिनं हाती लागेल ती चिप घेतली, आठ महिने प्रयोगशाळेत भावाला शेजारी बसवून त्या चिपेचा ड्रायव्हर लिहिला आणि त्याला डोळे दिले. पण ज्या दिवशी चष्मा पहिल्यांदा चालू करायचा, त्या दिवशी त्रिशलानं डॉक्टरांना सांगितलं, "आत फक्त मी असणार. बायको आहे मी. पहिलं तोंड माझंच दिसलं पाहिजे." आक्काला फोन गेला तो पेढे वाटून झाल्यावर.

आक्का आली. भावाला पोटाशी धरलं, रडली, पेढा खाल्ला नाही. त्या दिवसापासून तिनं भावजयीशी अबोला धरला. त्रिशलाही काही कमी नव्हती, तिनंही धरला. एकाच कंपनीत नोकरी, एकाच आडनावाची पाटी, आणि तीन वर्षं एकमेकींशी शब्द नाही. आक्का सांगलीतल्या घरूनच काम करू लागली. जे काही बोलायचं ते अभिनंदनमार्फत. "तिला सांग, आईचं मंगळसूत्र लॉकरमधून काढायचं आहे." "त्यांना सांग, काढा की, मी काय डोक्यावर घेऊन बसलेय?" अभिनंदन बिचारा या घरातून त्या घरात निरोप नेणार.

आक्काच्या फाईलमध्ये त्रिशलाला एक अजब गोष्ट दिसली. कुठल्याही खान्यात आकडा टाकण्याआधी आक्काचा कोड दुसराच एक खाना वाचत बसायचा. वाचायचा, पुन्हा वाचायचा, आणि मग वाचलेला आकडा चक्क टाकून द्यायचा. त्याचा पुढं उपयोग शून्य. वर आक्काच्या हातची एक ओळ होती, 'हे काढू नये'. का काढू नये, ते नाही. चिप बनवणारी कंपनी कधीच बुडालेली, माहितीपत्रकात त्या खान्यापुढं नुसतं 'राखीव' लिहिलेलं.

"काय पण कारभार," त्रिशला पुटपुटली. "बिनकामाचं वाचन करायचं आणि वर दटावणी."

तिनं ते वाचन काढलं आणि बदल मंजुरीला पाठवला. कंपनीच्या नियमानं जुन्या लेखकाचं मत लागायचं. आक्काचं मत दहा मिनिटांत आलं: 'नामंजूर'. एका शब्दाच्या पुढं अक्षर नाही. त्रिशलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तरी लिहावं! पण अबोला म्हणजे अबोला, आक्का तिच्या नावाखाली स्वल्पविराम द्यायला तयार नव्हती.

त्या रविवारी अभिनंदन बहिणीकडे जाऊन आला. त्रिशलानं त्याला दारातच गाठलं.

"काय म्हणाल्या तुमच्या आक्कासाहेब? का नामंजूर?"

अभिनंदननं चप्पल काढली, पाय धुतले, टॉवेल शोधला. "म्हणाली, सांभाळून कर."

"एवढंच?"

"एवढंच. तिचं काही विशेष नाही गं. काळजी वाटते तिला."

"काळजी! माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांची काळजी यांना. परवाना संपला तर चष्मा बंद पडेल, त्याची काळजी कोण करणार? का यांच्या नावाची नक्कल तेवढी जिवंत राहिली म्हणजे झालं?"

"तेच सांगितलं मी तिला. म्हणालो, त्रिशला बघते म्हणाली."

"मी कधी म्हणाले बघते?"

अभिनंदन हसला. पंच हसतो तसा.

कंपनीत त्रिशलाचे वरिष्ठ असलेल्या इनामदार साहेबांनी आक्काचा 'नामंजूर' बाजूला सारला. विनाकारण नकार म्हणजे नकार नव्हे, म्हणाले. नियमाप्रमाणे पंधरवडाभर घरगुती चाचणी घ्यायची होती, ती घेतली. प्रयोगशाळेतही घेतली, उजेड कमी करत नेला, वाढवत नेला, सगळं ठाकठीक. उलट चित्र पहिल्यापेक्षा चपळ झालं. अभिनंदन म्हणाला, "चेंडू आता जिथं आहे तिथंच दिसतो. आधी जरा मागं राहायचा." त्रिशलाला आभाळ ठेंगणं झालं. तिला वाटलं, आक्काला जाऊन विचारावं, कसं काय? पण अबोला होता ना.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नाही, आणि त्या घरात ती कुणाच्याच ध्यानात येण्याजोगी नव्हती. मगदुमांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण. पिढ्यान्‌पिढ्यांची जैनांची रीत. आक्का सांगलीत पाळते, हे मिरजेत पाळतात. त्यामुळे बाहेर उजेड विरघळायला लागतो त्या नेमक्या वेळी अभिनंदन रोज आत असायचा, लखलखीत ट्यूबखाली, ताटावर. पंधरवडाभर चष्म्यानं तिन्हीसांजेचा उजेड पाहिलाच नाही.

सोळाव्या दिवशी घरी आलेल्या चुलतसासऱ्यांना रेल्वे गाठायची होती म्हणून पानं लवकर वाढली. जेवणं आटोपली तरी बाहेर अजून उजेड होता. "गच्चीवरचे कपडे काढून आणतो," म्हणत अभिनंदन जिना चढला. त्रिशला भांडी आवरत होती. बऱ्याच वेळानं तिला वरून हाक ऐकू आल्यासारखं वाटलं, आणि लगेच जिन्यात धडधड आवाज झाला.

अभिनंदन जिन्याच्या वळणावर आडवा पडला होता. अंगभर झटके, तोंडातून फेस, जिभेचं रक्त. हातात तिची ओली ओढणी गच्च धरलेली. उघड्या दारातून येणारा मळका उजेड चष्म्यावर पडत होता. तिनं चष्मा ओरबाडून काढला. तरी झटके थांबेनात. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन नुसती किंचाळत राहिली. मग हळूहळू ते थांबले.

डॉक्टर बरगाले बाई फार बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात त्यांनी त्रिशलाला खोलीबाहेर बोलावलं.

"फिट चष्म्यामुळे आली आहे. पट्टीनं मेंदूला झपाझप धक्के दिलेत. चष्मा बंदच ठेवायचा. चालू करायचा असेल तर दोष सापडल्यावर, आणि माझ्यासमोर. पुन्हा फिट आली तर मला पट्टी काढावी लागेल."

"मग नवीन बसवता येईल ना?"

"त्याच जागी नाही. एकदा काढली की संपलं." बाई जायला निघाल्या आणि थांबल्या. "त्याचे डोळे आता तुमच्या हातात आहेत."

त्रिशला खोलीत गेली. अभिनंदन डोळे उघडे ठेवून छताकडे तोंड करून पडला होता. ते डोळे काही कामाचे नव्हते, हे तिला माहीत होतं, तरी ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

"काय दिसलं होतं रे?"

"कपडे काढत होतो. एकदम पांढरं झालं. मग काळं. मग पांढरं, काळं, पांढरं, काळं. कुणीतरी बटणाशी खेळतंय असं. मी तुला हाक मारली."

तिनं चष्म्याची नोंद काढली. चिपेला उजेड किती वेळ गोळा करायचा तो आकडा, पडण्याआधी, ओळीनं असा होता: दोनशे पंचावन्न, दोनशे छप्पन्न, दोनशे पंचावन्न, दोनशे छप्पन्न. एकाचा फरक! एवढ्यानं चित्रात काडीचा बदल दिसू नये. मग पांढरं-काळं कुठून आलं? तिला काही सुचेना. एकच गोष्ट ठाम कळत होती, की हे आपल्या हातानं झालंय. ती बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि रडली. मग स्वतःलाच एक शिवी घालून बाहेर आली.

बाहेर आक्का उभी होती.

उंच, सडसडीत, केस पांढरे, हातात लॅपटॉपची पिशवी. सांगलीहून आली ती थेट भावाच्या उशाशी. पलंगाच्या त्या बाजूला. त्रिशला या बाजूला.

"अभी," आक्का म्हणाली, "तिला विचार, माझं वाचन का काढलं."

त्रिशलानं दात आवळले. "त्यांना सांग, त्या वाचनाचा उपयोग नव्हता. वाचलेला आकडा कुठंच वापरला नव्हता."

"तिला सांग, आकडा वापरायला वाचला नव्हता. थांबायला वाचला होता."

"थांबायला? कशासाठी?" त्रिशलाच्या तोंडून निघून गेलं. तीन वर्षांत पहिल्यांदा ती आक्काच्या तोंडाकडे बघून बोलली होती.

आक्कानं खिडकीकडे मान फिरवली. "अभी, तिला सांग, हे सगळं मी आधीच कळवलं होतं. कानामागून आली आणि तिखट झाली, तिला कुणाचं ऐकायचंच नसतं."

"मला काहीही कळवलं नव्हतं! तू सांग त्यांना!"

"नाही सांगणार," अभिनंदन म्हणाला.

दोघींनी एकदम त्याच्याकडे बघितलं.

"मी कुणाला काही सांगणार नाही आता. मागच्या वेळी सांगितलं नाही म्हणून तर इथं पडलोय."

"काय सांगितलं नाहीस?" आक्कानं हळू विचारलं.

"तुझा निरोप. त्या रविवारचा."

"अभी, मी तुला दोनदा म्हणायला लावलं होतं!"

"तुझ्यापुढं म्हटलं. इथं नाही म्हटलं." तो छताशीच बोलत होता. "तू म्हणालीस, त्या शहाणीला सांग, माझं वाचन काढलंस तर संध्याकाळच्या उजेडात त्याच्या डोळ्यांत विजा चमकतील. आणि सांग, पहिलं तोंड दाखवायची हौस होती ना, आता शेवटचंही तूच दाखव. हे मी हिला कसं सांगू? ही रात्रभर धुमसली असती. म्हणून म्हटलं, आक्का म्हणते सांभाळून कर."

"आणि विजांचं?" त्रिशला ओरडली. "ते का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तोही शापच. आक्का रागावली की तिचं तोंड कुठं थांबतं? कुठलं कामाचं आणि कुठलं रागाचं, मला काय कळणार? तीन वर्षं हेच करतोय मी. तिकडचं धारदार इकडं आणायचं नाही, इकडचं तिकडं न्यायचं नाही. नाहीतर तुम्ही एकमेकींच्या झिंज्या धरल्या असत्या."

"गाढवा!" आक्काचा आवाज फाटला. "डोळा तुझा होता रे!"

"तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" त्रिशला पलंगाच्या कडेवर वाकली. "मला शिव्या चालल्या असत्या. हजार शिव्या चालल्या असत्या! त्यात एक कामाची गोष्ट होती ना!"

तीन वर्षांत पहिल्यांदाच दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे पलंगावरचा माणूस बिनडोक आहे. नर्स धावत आली, म्हणाली, पेशंटला त्रास होतोय, बाहेर व्हा. दोघी बाहेर आल्या. व्हरांड्यात एकच बाकडं होतं. दोघी त्याच्या दोन टोकांना बसल्या. कोण आधी बोलतं, याची तिथंही चुरस होतीच.

"ऐक," शेवटी आक्का समोरच्या भिंतीला म्हणाली. मग मान वळवून त्रिशलाला म्हणाली, "नीट ऐक. परत सांगणार नाही. पाट्या उलटणारं घड्याळ बघितलंयस? तासाची पाटी वेगळी, मिनिटांची वेगळी?"

"आमच्या शाळेत होतं."

"नऊ एकोणसाठचे दहा होताना दोन्ही पाट्या एकदम उलटायला पाहिजेत. पण तासाची आधी उलटली आणि त्याच क्षणी कुणी घड्याळ बघितलं तर?"

"दहा एकोणसाठ दिसतील."

"उजेडाचा आकडा एका खान्यात मावत नाही. दोन खान्यांत ठेवतात, थोरला आणि धाकटा. दोनशे पंचावन्नपर्यंत धाकटा पुरतो. छप्पन्न झाला की थोरल्यात एक जातो आणि धाकटा शून्य होतो. तुझा सामाईक कोड आधी थोरला लिहितो, मग धाकटा. चांगल्या चिपा दोन्ही येईपर्यंत थांबतात. ही चिप दळभद्री आहे. तिचं चित्र त्याच घटकेला सुरू होत असलं तर निम्मा नवा, निम्मा जुना आकडा उचलते."

त्रिशलाच्या बोटांनी हवेतच हिशेब केला. "थोरला नवा, धाकटा जुना... म्हणजे पाचशे अकरा. दुप्पट उजेड! पांढरं."

"आणि परत येताना?"

"थोरला शून्य झाला, धाकटा अजून शून्यच आहे. म्हणजे शून्य. काळं." तिनं डोळे मिटले. "आणि संध्याकाळी उजेड नेमका त्या काठावर रेंगाळतो. मी प्रयोगशाळेत उजेड सरळ खाली नेला, सरळ वर आणला, काठावर थांबलेच नाही. एखादा पांढरा झटका आला असेल, पापणी लवली म्हणून कुणाला कळलाही नसेल."

"तो राखीव खाना वाचला की चिप सध्या चित्र काढतेय का मोकळी आहे ते कळतं. माहितीपत्रकात नाही ते. आठ महिने लागले मला शोधायला. मी ती मोकळी होईपर्यंत वाचत थांबायचे, आणि दोन चित्रांच्या फटीत दोन्ही खाने लिहायचे. म्हणून चेंडू जरा मागं दिसायचा. राहू दे की मागं!"

"हे तिथं लिहून ठेवायला काय झालं होतं? 'काढू नये' म्हणे! का काढू नये, ते लिहायला हात झडला असता?"

"कळणाऱ्याला कळतं."

"मला नाही कळलं! मी मूर्ख. झालं समाधान? तुमच्या ताठ्यापायी तो जिन्यात पडला, आणि माझ्या घाईपायी. दोघींनी मिळून पाडला त्याला."

आक्कानं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि बाकड्याच्या मधोमध ठेवला.

पुढं दोन दिवस त्या बाकड्यावर जे भांडण झालं ते वॉर्डात सगळ्यांना पाठ झालं. आक्काचं म्हणणं, आपला जुना ड्रायव्हर जसाच्या तसा परत घाल. त्रिशलाचं म्हणणं, वेगळी नक्कल ठेवली तर मंडळ परवाना देणार नाही, दिवाळीनंतर तो पुन्हा आंधळा. मग आक्का म्हणाली, सगळ्याच चिपांना थांबायला लाव. त्रिशला म्हणाली, एका दळभद्रीसाठी सगळ्यांचे चेंडू मागं ठेवू? आक्का म्हणाली, तुला फार कळतं. त्रिशला म्हणाली, तुमच्यापेक्षा दोन ओळी जास्तच. शेवटी ठरलं ते असं, की कोड सामाईक राहील, पण ज्या ड्रायव्हरला थांबायचं असेल त्याला तसं मागता येईल: अमुक खाना वाच, मोकळं दिसलं की मगच लिही. बांधणी त्रिशलाची, थांबणं आक्काचं. आणि त्रिशलानं अट घातली, कारण तुम्ही स्वतः लिहायचं, पूर्ण. आक्कानं घड्याळापासून सगळं लिहिलं आणि खाली जोडलं: 'हे काढणाऱ्यानं आधी लेखिकेला फोन करावा. भांडण असलं तरी.'

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पश्चिमेकडच्या गॅलरीत अभिनंदनला खुर्चीवर बसवलं. तोंड मावळतीकडे. डॉक्टर बरगाले बाई सुई भरून शेजारी उभ्या. त्रिशलाच्या हातात चष्म्याचा बंद करायचा खटका, आक्काच्या मांडीवर आकडे दाखवणारा लॅपटॉप. चष्मा चालू करायच्या आधी त्रिशला चाचरत म्हणाली, "आक्का, तुम्ही त्याच्यासमोर उभ्या राहा हवं तर. पहिलं..."

"उपकार नकोत मला. आणि आकडे कोण बघणार, तुझे वडील?"

चष्मा चालू झाला. अभिनंदनच्या मानेला हिसका बसला. त्रिशलाचं बोट खटक्यावर दाबतादाबता राहिलं.

"काय दिसतंय?"

"गॅलरीचे गज," तो म्हणाला. "आणि समोरच्या गच्चीवर पाण्याची टाकी."

आक्कानं नाकानं आवाज केला. पहिल्या दर्शनाचा मान यंदा गजांना गेला होता.

उजेड उतरत गेला. समोरचं आभाळ आधी पिवळं, मग राखेसारखं. आक्का आकडे सांगत होती, भावाला नाही, भिंतीला नाही, त्रिशलाला. "दोनशे चाळीस. खटक्यावरचं बोट सैल नको सोडू. दोनशे अठ्ठेचाळीस. मी 'आता' म्हटलं तर विचार न करता बंद कर."

"हो."

"चोपन्न. पंचावन्न." आक्का पडद्यावर वाकली. "छप्पन्न. पंचावन्न. छप्पन्न. छप्पन्न. पंचावन्न. अभी?"

"टाकी," तो म्हणाला. "टाकीच आहे. तिच्यावर आता कावळा बसला."

आकडा त्या काठावर घुटमळत राहिला आणि मग पुढं सरकला. सत्तावन्न, साठ, सत्तर. बरगाले बाईंनी सुईचं टोपण लावलं, म्हणाल्या, "आठवडाभर अशीच रोज चाचणी, मग घरी," आणि निघून गेल्या. त्रिशला खालीच फरशीवर बसली. आक्कानं पडदा मिटला, पदरानं तोंड पुसलं. दोघी एकमेकींकडे बघेनात.

अभिनंदननं मान वळवून आधी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. "अजून एक निरोप आहे," तो म्हणाला. "तीन वर्षांपूर्वीचा. आक्का, चष्मा उघडल्यानंतर आठवड्यानं हिनं मला तुझ्याकडे धाडलं होतं. म्हणाली होती, त्यांना सांग, चुकलं माझं. त्यांना आत बोलवायला हवं होतं."

आक्का म्हणाली, "पुढं काय होतं?"

"पुढं काही नाही."

"अभी, ही नुसती माफी मागून थांबणारी बाई नव्हे. पुढं काहीतरी होतंच, म्हणून तू गिळलंस. काय होतं?"

फरशीवरून त्रिशला म्हणाली, "मी सांगते. मी म्हटलं होतं, पण आठ महिने तुम्ही मला माझ्याच नवऱ्याजवळ फिरकू दिलं नाहीत. प्रयोगशाळेच्या दारातून परत पाठवायचात, डबासुद्धा हातातून काढून घ्यायचात. तेही चुकलंच. असं म्हटलं होतं. आजही म्हणते."

खाली कुणीतरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं.

"डब्याचं खोटं आहे," आक्का म्हणाली. "एकदाच घेतला होता काढून. बाकीचं..." तिनं पिशवी उचलून खांद्याला लावली. "आज या चाचणीपायी तिघांचं जेवण बुडालं. दिवस मावळला, आता पाणीसुद्धा नाही. उपाशीपोटी मला भांडता येत नाही. उद्या चाचणीच्या आधी घरी येते. ताट वाढून ठेव, मावळायच्या आत. मग बाकीचं काय खरं आणि काय खोटं ते एकदा होऊनच जाऊ दे."

"या," त्रिशला म्हणाली. "मीपण जेवूनच भांडायला बसते."

अभिनंदन दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. त्याचा हात पंचाच्या सवयीनं वर आला होता, तो त्यानं खाली घेतला, आणि मध्ये पडला नाही.